बादली कोणी न्यायची? सोव्हिएत संकल्पनाकला आणि छपाई: कामाच्या नोंदी

३ जून

सुरुवात माळ्यावरच्या खोक्यातून झाली. लहानपणीची सोव्हिएत पुस्तकं. बाबा मुंबईला गेले की लोकवाङ्मय गृहातून आणायचे, आणि किंमत इतकी कमी की एक आणायला सांगितलं तर तीन यायची. गोष्टी मराठीत, पण अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक रशियन अक्षरांत आठ-दहा ओळी. तेव्हा ती मला नक्षीच वाटायची. आज लिपी वाचता येते म्हणून भिंग घेऊन बसले. जुळणीला दिल्याची तारीख. छपाईच्या मंजुरीची सही झाल्याची तारीख. कागदाचा आकार. टाइपाचं नाव. किती प्रती. ऑर्डर क्रमांक. किंमत.

त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत कुणीतरी एक माणूस हा मजकूर वाचत बसलेला असे. १९२२ साली ग्लावलित ही सेन्सॉरची कचेरी स्थापन झाली आणि त्यानंतर छापखान्यातून बाहेर पडणारा कागद तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय लोकांपर्यंत पोचत नसे. म्हणजे 'छापलेलं' या शब्दातच 'मंजूर झालेलं' हा अर्थ मुरलेला होता. आम्ही छपाईची कामं करणारी माणसं प्रती काढण्याला साधी, आनंदाची गोष्ट मानतो. तिथे प्रत काढणं हा सरकारचा हक्क होता.

या प्रकल्पात मला एवढंच समजून घ्यायचं आहे: अशा देशात चित्रकारानं छापील कागदाचं काय केलं? वाचून नव्हे, हातानं करून. बारा सुटी पानं, एक पेटी. तंत्र जे त्यांच्या हाताशी होतं तेच: स्टेन्सिल, लिनो (लिनोलियमवर कोरलेला ठसा), लाकूड, जस्ताची प्लेट, टाइपरायटर, कार्बन. स्क्रीन आणि डिजिटल यातून बाहेर.

५ जून

ज्यांना आपण मॉस्कोचे संकल्पनावादी म्हणतो, म्हणजे दिसण्यापेक्षा कल्पनेलाच कलाकृती मानणारे, त्यांच्यातले कितीतरी जण पोटासाठी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढत होते. इल्या काबाकोव्ह, एरिक बुलातोव्ह, ओलेग वसील्येव्ह, व्हिक्तर पिव्होवारोव्ह. पिव्होवारोव्ह तर मॉस्कोच्या मुद्रणतंत्र संस्थेत शिकलेला; 'व्हेस्योलिये कार्तिन्की' या मुलांच्या मासिकाचं अक्षरांची माणसं केलेलं शीर्षक त्याचंच. बुलातोव्ह आणि वसील्येव्ह पुस्तकं जोडीनं करत. वर्षातले काही महिने प्रकाशकाचं काम, उरलेले स्वतःच्या कॅनव्हासचे. असं तीसेक वर्षं चाललं.

याला 'दुहेरी आयुष्य' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मला ते पटत नाही. दिवसभर जो हात ससा आणि कोल्हा काढतो तोच रात्री माळ्यावर दुसरं काहीतरी काढतो, तेव्हा सवयी इकडून तिकडे जातातच. पानाच्या मधोमध चित्र, खाली एक ओळ, भोवती भरपूर पांढरी जागा. काबाकोव्हच्या सुट्या पानांच्या अल्बमांत हे सगळं जसंच्या तसं आहे. फक्त गोष्ट मुलांची नाही.

पेटीचा ढाचा इथेच ठरला. अल्बमच.

९ जून

आज दिवसभर लाकूड. कारण फाव्होर्स्की.

व्लादिमिर फाव्होर्स्की (१८८६–१९६४) हा लाकडावरच्या कोरीव कामाचा थोर माणूस. १९२० च्या दशकात क्रांतीनंतरच्या व्खुतेमास या कलाशाळेत शिकवत होता, काही वर्षं तिचा प्रमुखही. स्टालिनच्या काळात 'रूपवादी' (आशयापेक्षा आकाराला महत्त्व देणारा) ठरवून त्याला शिकवण्यापासून दूर ठेवलं गेलं. पन्नाशीच्या दशकात तरुण बुलातोव्ह आणि वसील्येव्ह त्याच्या घरी जात, प्रश्न विचारत. बुलातोव्हनं हे ऋण वेळोवेळी मानलेलं आहे. फाव्होर्स्कीचं म्हणणं असं की पानाचा पांढरा रंग म्हणजे रिकामी पाटी नाही, ती स्वतःच एक जागा आहे. कोरणारा माणूस त्या पांढऱ्यात खोली तयार करतो किंवा त्याला सपाट ठेवतो, आणि अक्षर त्या सपाटीवर उभं राहतं.

हे एकदा ध्यानात आलं की बुलातोव्हचं 'क्षितिज' (१९७१–७२) वेगळं दिसायला लागतं. समुद्रकिनारा, पाठमोरी माणसं पाण्याकडे चाललेली, आणि जिथे क्षितिज असायला हवं तिथे लाल गालिच्याचा आडवा पट्टा. लेनिन पदकाच्या फितीसारखा. डोळा आत जायला निघतो आणि पट्टा त्याला अडवतो. अगदी हाच ताण कोरीव ठशात असतो: आतली खोली आणि वरची सपाटी. बुलातोव्हनं राजकारण त्या ताणात ठेवलं. लाल पट्टा चित्रात नाही, चित्रावर आहे. नजर कुठवर जाऊ शकते हे तो ठरवतो.

माझं काम: सागाच्या तुकड्यावर एक आडवी रेघ आणि तिच्यामागे शेत. सात प्रूफं काढली. रेघ जाड केली की शेत मागे जातं, बारीक केली की रेघच शेतात शिरून कुंपण होते. तीन मिलिमीटरला थांबले. सागाचे रेषे आडवे असल्यानं एका कडेला चिरफळ्या निघाल्या. तुकडा फिरवून पुन्हा कोरला.

१४ जून

रोस्ता खिडक्या. १९१९ ते १९२२. यादवी युद्ध चाललेलं, कागदाची टंचाई, छापखाने अडलेले. रोस्ता या वृत्तसंस्थेसाठी चित्रकार मिखाइल चेरेमनीख, कवी मायाकोव्स्की आणि इतर मंडळी मोठाली चित्रपत्रकं हातानं करून दुकानांच्या रिकाम्या खिडक्यांत लावत. मूळ एक, मग पुठ्ठ्याची स्टेन्सिलं कापून रंगामागून रंग भरत शंभरावर प्रती. यंत्राशिवाय. मला हा इतिहास फार प्रिय आहे आणि दोन दिवस त्यातच गेले.

पुठ्ठ्याला जवसाचं तेल लावून दोन रात्री सुकवलं. देवनागरीत स्टेन्सिल कापताना 'व', 'ब', 'क' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला बारीक पूल ठेवावे लागतात. शिरोरेघ मात्र सगळ्या शब्दाला दोरीसारखी धरून ठेवते. लाल रंग डिंकात घोटून कुंच्यानं ठोकत भरला. चाळीस प्रती नीट आल्या. त्यानंतर कडा ओल्या होऊन फुगल्या आणि रंग खाली पाझरायला लागला.

प्रती सुंदर झाल्या आहेत. तरी त्या पेटीत जाणार नाहीत. हा आवाज १९२० चा आहे, समोरच्याला हाक मारणारा, स्वतःवर विश्वास असलेला. मला पन्नास वर्षांनंतरचा आवाज हवा आहे, जेव्हा त्याच घोषणा त्याच लाल कापडावर इतक्या वेळा लिहून झाल्या होत्या की त्या रस्त्यावरच्या झाडांसारख्या झाल्या होत्या. समोर असूनही कोणी न वाचलेल्या.

२० जून

व्हिताली कोमार आणि अलेक्सान्द्र मेलामिद, १९७२. लाल कापड, त्यावर पांढरे चौकोन ओळीनं, आणि दोन टोकांना अवतरणचिन्हं. 'अवतरण'. शब्द काढून टाकले तरी घोषणा शिल्लक राहिली. हे दोघं एका बालशिबिराच्या सजावटीचं काम करताना या वाटेला लागले. म्हणजे पुन्हा तेच: सरकारी चित्रकामातून निघालेलं.

१५ सप्टेंबर १९७४ ला मॉस्कोच्या बेल्यायेव्हो भागातल्या मोकळ्या मैदानावर चित्रकार ओस्कार राबिन आणि इतरांनी भरवलेलं प्रदर्शन बुलडोझर आणि पाण्याचे टँकर आणून मोडलं गेलं. कोमार आणि मेलामिद यांचं दुहेरी स्वचित्र तिथेच नष्ट झालं. जगभर बोभाटा झाल्यावर दोनच आठवड्यांनी, २९ सप्टेंबरला, इझ्मायलोव्हो बागेत चार तासांची परवानगी मिळाली.

पान ३ साठी लिनोत पांढऱ्या चौकोनांची एक ओळ कोरून पाहिली. ती त्यांच्या चित्राची नक्कल झाली आहे, माझं काही नाही. रद्द.

२६ जून

आजची नोंद लांबणार, कारण सगळा प्रकल्प इथे येऊन ठेपला आहे.

काबाकोव्हचं १९८० सालचं काम: 'घाणीची बादली बाहेर नेण्याचं वेळापत्रक'. फळीवर एनॅमल रंग. वर घराचा क्रमांक, प्रवेशद्वाराचा क्रमांक, रस्ता, वस्तीच्या देखभाल कचेरीचा म्हणजे 'जेक'चा क्रमांक, जिल्हा. खाली १९७९ ते १९८४ अशा सहा वर्षांचे रकाने, आणि त्यांत आडनावं व तारखा. कोणत्या दिवशी कोणत्या कुटुंबानं बादली न्यायची. अक्षर कारकुनाचं, वळणदार, एकसारखं. बाकी काही नाही. सरकारी इमारतींच्या जिन्यात असे तक्ते खरोखर लागलेले असत. रंगही तसाच, फिका आणि थकलेला.

बादली समजायची तर कोमुनाल्का समजली पाहिजे. क्रांतीनंतर मोठे फ्लॅट तोडून एकेका खोलीत एकेक कुटुंब भरलं गेलं. माणशी नऊ चौरस मीटर हा सरकारी मापदंड, आणि पुष्कळांना तेवढंही मिळत नसे. स्वयंपाकघर एक, संडास एक, न्हाणी असली तर एक. स्वयंपाकघरात प्रत्येकाचं वेगळं टेबल, वेगळा दिवा, त्याचं वेगळं बटण. दारावर कोणासाठी किती वेळा घंटा वाजवायची याची यादी. शेजारी निवडता येत नसत, गृहनिर्माण खातं नेमून देई. त्यामुळे सगळं बोलणं वाटणीवर येऊन थांबे. कोणाचं पातेलं, कोणाची पाळी, दिवा कोणी चालू ठेवला. काबाकोव्हच्या स्वयंपाकघर मालिकेत एका मोठ्या रंगवलेल्या फळीच्या मधोमध एक वस्तू असते, कधी किसणी, कधी नुसती माशी. वरच्या डाव्या कोपऱ्यात एकीचं नाव आणि प्रश्न: ही माशी कोणाची? उजव्या कोपऱ्यात दुसरीचं नाव आणि उत्तर. दोन्ही बायका चित्रात नाहीतच. एवढ्या मोठ्या रिकाम्या रंगात दोन आवाज, आणि मध्ये एक माशी. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ गप्प बसून राहिले होते.

आता माझा मोह लिहून ठेवते. मी चाळीत वाढले. नळावरची पाळी, संडासासमोरची रांग, जिन्यातला दिवा हे सगळं मला ठाऊक आहे. पान ४ चं पहिलं रेखाटन मी चाळीचंच केलं: खोली क्रमांक, आडनावं, पाण्याची वेळ. संध्याकाळी पाहिलं आणि बाजूला ठेवलं. चाळ म्हणजे कोमुनाल्का नव्हे. आमच्या चाळीत माणसं गाववाल्यांच्या, नातेवाइकांच्या ओळखीनं आली होती, पागडी देऊन आली होती. दार उघडं टाकून जाता येत होतं. तिथे खोलीचा कागद सरकारच्या हाती होता, शेजारचा माणूस आपल्याविषयी काय लिहून देईल याची धास्ती होती, आणि स्टालिनच्या वर्षांत शेजारच्याच्या खोलीवर डोळा ठेवून केलेल्या तक्रारींनी माणसं तुरुंगात गेली. हा फरक पुसून 'आमचंही असंच होतं' म्हणणं खोटं ठरेल. पानांवर मॉस्कोच राहील.

मग माझं काय? अक्षर. तक्त्याचं सगळं बळ त्या कारकुनी अक्षरात आहे. काबाकोव्ह व्यवस्थेची थट्टा करत नाही, तिच्या वळणात शिरून बोलतो. सहा वर्षांपुढची बादलीसुद्धा ठरलेली आहे हे तो ओरडून सांगत नाही, रकाने आखून दाखवतो. घोषणेला उत्तर म्हणून घोषणा नाही. सरकारच्या आवाजात माणसाची बारीकशी गोष्ट.

पान ४ आणि ५: जस्ताच्या प्लेटवर रकाने. उद्यापासून.

४ जुलै

प्लेट गेली. नायट्रिक अॅसिडची ट्रे खिडकीजवळ ठेवली होती, दुपारचं ऊन आलं, अॅसिड तापलं आणि रकान्यांच्या बारीक रेघांचे चर झाले. पावसाळ्यात ऊन पडेल याचा अंदाज घ्यायला हवा होता. ग्राउंड, म्हणजे प्लेटला अॅसिडपासून वाचवणारा थर, तोही सुटला. नवी प्लेट, आता सौम्य अॅसिड, पिसानं बुडबुडे सारत दर दोन मिनिटांनी बाहेर काढून पाहायचं.

तोवर पान १ घेतलं. काबाकोव्हच्या 'दहा पात्रं' या सत्तरीच्या दशकातल्या अल्बममालेत पहिला आहे कपाटात बसलेला प्रिमाकोव्ह. सुरुवातीची पानं पूर्ण काळी. मुलगा कपाटात बसलाय, त्याला दिसत काही नाही; घरातली माणसं काय करताहेत ते फक्त त्या काळ्याखालच्या ओळीत कळतं. मग दार उघडतं, खोली दिसते, रस्ता, शहर, आणि दृश्य मोठं मोठं होत शेवटी पांढऱ्यात विरतं. प्रत्येक अल्बमची अखेर अशीच पांढरी, आणि पात्र नाहीसं झालेलं. मागे उरतात इतरांचे शेरे.

मी काळ्यासाठी अॅक्वाटिंट केलं. राळेची बारीक पूड, चार वेळा बुडवून मखमलीसारखा खोल काळा आला, बोट फिरवावंसं वाटणारा. स्टुडिओत आलेल्या दोघी म्हणाल्या, वा. त्यांच्या त्या 'वा'नंच लक्षात आलं की चुकलंय. कपाटातला काळा इतका देखणा असता कामा नये. मुलाला त्यात रमायला लागेल. साध्या लिनोवर रोलरनं सपाट शाई देऊन छापला. रोलरची कड कुठे कुठे दिसते. तो राहिला.

११ जुलै

अल्बम पाहायची रीतही कामाचाच भाग होती, हे आज पानं हाताळताना कळलं. मॉस्कोत स्रेतेन्स्की बुलेव्हारवर 'रोसिया' नावाच्या जुन्या विमा कंपनीच्या इमारतीच्या माळ्यावर काबाकोव्हचा स्टुडिओ. तिथे तो ओळखीच्या लोकांना बोलवी, वाद्यांची स्वरलिपी ठेवायचा स्टँड असतो तशा स्टँडवर पानं ठेवी आणि एकेक उलटत मजकूर वाचून दाखवी. प्रदर्शन नाही, पुस्तक नाही, तिकीट नाही. पाच-दहा माणसं आणि पान उलटण्याचा वेळ.

याच माळ्याशी युलो सोस्तेर या एस्टोनियन चित्रकाराचं नाव जोडलेलं आहे. १९४९ साली त्याला अटक झाली, कझाकस्तानातल्या कारागांदाच्या श्रमछावणीत त्यानं १९५६ पर्यंतची वर्षं काढली, मग मॉस्कोत येऊन पुस्तकांची चित्रं काढत राहिला. १ डिसेंबर १९६२ ला मानेझ या प्रदर्शनदालनात सोव्हिएत नेता ख्रुश्चोव्ह ज्या चित्रकारांवर संतापला त्यांत तोही होता. १९७० ला गेला. छावणीतून आलेला हा माणूस अंड्याचं, माशाचं, जुनिपरच्या झुडपाचं, साध्या आकारांचं चित्र काढत असे.

सुताराला साधा लाकडी स्टँड सांगितला. पानाचा आकार त्याला धरून पक्का: ३५ बाय ५० सेंटिमीटर. पानं शिवायची नाहीत.

१५ जुलै

कार्बनची परीक्षा. कोपऱ्यावरचे टाइपिंग क्लासवाले काका अजून एक मराठी टाइपरायटर राखून आहेत. मी काय करतेय ते सांगितल्यावर त्यांनी स्वतःच कागद चढवला. "कार्बन नवा घ्या आणि ठोका मारताना मनगट नाही, बोट वापरा." दोन कागदांत एक कार्बन असा थर लावत गेलो.

साधा कागद: तिसरी प्रत धूसर, चौथी नावापुरती. मग पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद घेतला. पाचवी प्रत वाचता आली. सहाव्या प्रतीत जोडाक्षरं एकमेकांत मिसळली.

म्हणूनच समिझ्दातचे, म्हणजे सेन्सॉरला टाळून घरोघरी टाइप करून वाटलेले, मजकूर पातळ, सळसळत्या कागदावर असत. फोटोकॉपीची यंत्रं कचेऱ्यांत कुलपाआड, छापखाना सरकारचा. सामान्य माणसाच्या घरात शिरू शकलेलं छपाईचं एकच यंत्र म्हणजे टाइपरायटर. एका बैठकीत चार-पाच प्रती. त्यातली एक ज्याला मिळे तो पुन्हा बसून चार-पाच काढी. मजकूर असा पुढे जाई. ओळखीच्या हातातून, चुकांसकट, दर फेरीला थोडा बदलत.

काकांनी पैसे घेतले नाहीत. पाचवी प्रत मात्र मागून ठेवून घेतली.

१९ जुलै

द्मित्री अलेक्सान्द्रोविच प्रिगोव्ह (१९४०–२००७). शिक्षणानं शिल्पकार, लिहिलेल्या कविता वीस हजारांच्या वर. त्याच्या कवितांपेक्षा आज मला त्याच्या कागदांचं वेड लागलं आहे. टाइप केलेल्या ओळींवर ओळी ठोकून घोषणा काळ्या ढगात विरघळवलेल्या 'कविताकृती'. हातात मावतील अशा बारीक पुस्तिका. आणि 'नाकारलेल्या कवितांच्या शवपेट्या': टाइप केलेली पानं चहूबाजूंनी पिना मारून बंद केलेली, कधीही न उघडण्यासाठी. कविता आत आहे एवढंच वाचणाऱ्याला कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यानं 'नागरिकांना आवाहनं' केली. टाइप केलेल्या चिठ्ठ्या, 'नागरिकहो!' अशी सुरुवात, दोन-तीन ओळींचं काहीतरी साधं, जवळिकीचं, आणि खाली आपलं नाव पितृनामासह, शेजारच्यानं लिहावं तसं. या त्यानं खांबांवर, झाडांवर, भिंतींवर चिकटवल्या. हरवलेल्या मांजराच्या, खोली भाड्यानं देण्याच्या चिठ्ठ्यांशेजारी. १९८६ मध्ये त्याला पकडून मनोरुग्णालयात टाकलं गेलं. कवयित्री बेल्ला अख्मादुलिना आणि इतरांनी आवाज उठवल्यावर सुटला.

चिठ्ठीत राजद्रोह नव्हता. 'नागरिकहो' म्हणायचा अधिकार कोणाचा, एवढाच प्रश्न होता. सरकारशिवाय दुसरं कोणी तो शब्द वापरून माणसाशी आपुलकीनं बोलू शकतं ही कल्पनाच सहन झाली नाही. रोस्ताचं चाळीस प्रतींचं स्टेन्सिल आणि ही टाइप केलेली चिठ्ठी शेजारी ठेवली आणि चिठ्ठीपुढे स्टेन्सिल मला एकदम हलकं वाटलं.

पान ८ टाइपरायटरवरच. काकांशी बोलले आहे.

२७ जुलै

एस्टोनियासाठी वेगळी पेटी लागेल, इतकं आहे. इथे थोडक्यात. बाल्टिक प्रजासत्ताकांत छापचित्रांना चित्रांपेक्षा जास्त मोकळीक होती, कारण आकार लहान, कागद स्वस्त, अधिकाऱ्यांच्या लेखी दुय्यम. ताल्लिनचं छापचित्रांचं त्रैवार्षिक प्रदर्शन १९६८ ला सुरू झालं. राउल मेएल, जन्म १९४१, मूळचा विद्युत अभियंता. टाइपरायटरवर अक्षरं ठोकून त्यानं काढलेली चित्रं मी काकांना दाखवली. ते चश्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "याचं स्पेसिंग एकदाही चुकलेलं नाही."

२ ऑगस्ट

'सामूहिक कृती' हा गट, आन्द्रेई मनास्तीर्स्की आणि सोबती. १३ मार्च १९७६, इझ्मायलोव्होचं बर्फाळ मैदान, तीसेक निमंत्रित. सगळे जमल्यावर पाच मिनिटांनी समोरच्या जंगलातून दोन माणसं निघाली, मैदान ओलांडून आली आणि प्रत्येकाला एक कागद दिला: आपण 'प्रकट होणे' या कृतीला हजर होता, याचा दाखला. संपलं.

दाखला! ज्या देशात प्रत्येक गोष्टीला दाखला लागे तिथे हा असा दाखला, ज्यावर काहीच मिळत नाही, घर नाही, रजा नाही, साखर नाही. माणूस तिथे होता, त्यानं वाट पाहिली, एवढंच त्यात लिहिलेलं. पुढच्या वर्षी, २६ जानेवारी १९७७ ला, त्यांनी मॉस्कोबाहेरच्या जंगलात दोन झाडांमध्ये लाल कापडी फलक बांधला. दहा मीटर लांब, पांढरी अक्षरं, दिसायला कारखान्यावरच्या घोषणेसारखा. मजकूर मात्र एका माणसाचा, तक्रार नाही आणि इथे जवळजवळ बरं वाटतंय अशा अर्थाचा. वाचायला कोणी नाही, बर्फ आणि झाडं.

पान ११ म्हणजे दाखला. त्यासाठी शिक्का हवा. अप्पा बळवंत चौकात शिक्के करणाऱ्याकडे गेले. त्यानं विचारलं, "कुठल्या ऑफिसचा?" म्हटलं, ऑफिस नाही, गोल शिक्का, मध्ये फक्त 'हजर होते'. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. गोल शिक्का करायचा तर संस्थेचं पत्र लागतं, म्हणाला, कोण कशाला वापरेल सांगता येत नाही. मी त्याला मैदानाची गोष्ट सांगितली, बर्फ, दोन माणसं, कागद. त्यानं पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाला, "चौकोनी करून देतो. चौकोनीला पत्र लागत नाही."

चौकोनीच ठीक आहे.

१० ऑगस्ट

जस्ताची प्लेट शेवटी जमली. रकान्यांतली आडनावं मी घातलेली नाहीत. फक्त तारखा आणि रिकाम्या चौकटी. कोणाचंही नाव त्यात बसवायचा मला हक्क नाही असं वाटलं, आणि रिकामी चौकट जास्त अस्वस्थ करते.

प्रती किती काढायच्या हे दोन महिने टाळत होते. प्लेटवरून पन्नास सहज निघतील. लिनोवरून शंभर. पण पेटीतलं सगळ्यात अशक्त पान टाइपरायटरचं आहे आणि त्याच्या वाचता येणाऱ्या प्रती पाच. म्हणून पेट्या पाच. बाकीची पानं ताकदवान असली तरी त्यांनी त्या पानाच्या बरोबरीनं चालायचं. प्रत्येक पेटीच्या शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत त्या जुन्या पुस्तकांसारख्याच ओळी: जुळणीची तारीख, छपाईची तारीख, कागद, टाइप, प्रती ५. फक्त मंजुरीची ओळ नाही. तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

१७ ऑगस्ट

स्टुडिओत पहिलं वाचन. नऊ जण, सुताराचा स्टँड, पावसानं लाइट दोनदा गेली. मी पान ठेवायची, ओळ वाचायची, थांबायची. काळं पान ठेवल्यावर कोणीतरी खुर्ची पुढे ओढली. रकान्यांच्या पानाशी पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक बाई उठून जवळ आल्या आणि बोटानं ओळी खाली खाली मोजत गेल्या. "फेब्रुवारीला एकोणतीस आहे," म्हणाल्या, "म्हणजे १९८०. त्या दिवशीही न्यायचीच ना?" मी हो म्हटलं. त्या जागेवर जाऊन बसल्या.

शेवटी दाखले वाटले, चौकोनी शिक्का मारून. दोघांनी मागे तारीख घालून मागितली.

सगळे गेल्यावर पाच पेट्या लावल्या. पाचव्या पेटीतलं टाइपरायटरचं पान पार फिकं आहे, ट्यूबच्या उजेडात कोरंच वाटतं. खिडकीशी धरलं तर 'नागरिकहो' दिसतं. आधी ते काढून नवीन ठोकून घ्यायचा विचार होता. ठेवलं आहे तसंच, त्या पेटीत सगळ्यात वर.

उद्या: झाकणांना फीत, पेटी २ ची सैल बिजागरी, काकांना पहिली पेटी दाखवायला न्यायची.